घटस्फोटाचे कागद एआयकडून करून घेताय? मग हे आधी ऐका

नमस्कार. विषय जड आहे, आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात हे आत्ता चालूही असेल, म्हणून मी पुस्तकी बोलत नाही, जे रोज बघते तेच सांगते. मी २२ वर्षं पुण्यात फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतेय.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली, तिशीतली, आयटीत नोकरीला. हातात १२ पानी कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीने घटस्फोट घेताना दोघांत ठरलेल्या अटींचा कागद. ती आणि तिचा नवरा एका टेबलाशी बसले, भांडण न करता एआयला सगळं सांगितलं आणि कागद काढले. मला खरंच कौतुक वाटलं, कारण इतक्या शांतपणे बसणारी जोडपी आम्हाला फार कमी दिसतात. इंग्रजी अगदी सफाईदार. ती म्हणाली, मॅडम, फक्त एकदा नजर टाका, उद्या फाइल करायचंय.

मुलगा ६ वर्षांचा. त्याच्याबद्दल एकच ओळ होती, की वडील 'योग्य वेळी' मुलाला भेटू शकतील. मी विचारलं, दिवाळीची सुट्टी कुणाकडे? मे महिना कुणाकडे? शाळेची फी कोण भरणार, आणि पाचवीत शाळा बदलली तर? पासपोर्टच्या फॉर्मवर सही कुणाची? तो आजारी पडला आणि ठरलेला रविवार बुडाला तर पुढच्या रविवारी भरून द्यायचा का? तिच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही जे सांगता ते एआय छान लिहून देतं, पण तुम्ही काय सांगितलं नाही हे त्याला कळत नाही, आणि घटस्फोटातली पुढची दहा वर्षांची भांडणं नेमकी त्या न सांगितलेल्यातनं निघतात.

पुढे एक कलम होतं, की आई स्वतःची आणि मुलाची पोटगी कायमची सोडत आहे. तिला वाटलं, सोडलं की विषय संपला. अहो, मुलाची पोटगी मुलाचा हक्क आहे, तो आईच्या सहीने सुटत नाही, असं कलम बघितलं की जज साहेब प्रश्न विचारणारच.

आणि खरा धोका नवव्या पानावर होता. तिने पूर्वी ४९८अ ची, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची, तक्रार दिली होती. टर्म्समध्ये लिहिलेलं, 'दोघांच्या एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेतल्या असे समजावे'. असं समजता येत नाही हो! ४९८अ हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही, १ जुलै २०२४ पासून तो नवीन न्यायसंहितेत कलम ८५ झाला तरी हे बदललेलं नाही, समेट झाला तरी एफआयआर रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, तिथं तक्रारदार बाईचं एफिडेविट लागतं. म्हणून आम्ही पैशाचे हप्ते त्या टप्प्यांना बांधतो, थोडे पहिल्या मोशनला, म्हणजे दोघं मिळून अर्ज करतात तेव्हा, थोडे हायकोर्टाच्या वेळी, बाकीचे सेकंड मोशनला, म्हणजे नंतर दोघं पुन्हा कोर्टात येऊन संमती सांगतात तेव्हा, म्हणजे दोघांपैकी कुणीच मध्ये लटकत नाही. त्या १२ पानांत सगळी रक्कम डिक्रीनंतर, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश झाल्यावर, ३ महिन्यांनी होती. म्हणजे तिने सही करायची, आणि मग वाट बघायची.

फ्लॅटचंही तसंच. 'फ्लॅट पत्नीला देण्यात येत आहे' एवढंच. लोन दोघांच्या नावावर. बँक तुमच्या कन्सेंट टर्म्सला बांधील नसते, त्याने ईएमआय थकवला तर सिबिल तिचंही खराब होतं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. पण डिक्री झाल्यावर कायद्याने ती बायको राहत नाही! त्यामुळे कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, यावर लाखांचा फरक पडू शकतो.

दुसरं म्हणजे कायदाच चुकीचा लागतो. एआयला घटस्फोट म्हटलं की ते हिंदू विवाह कायदा आणि त्यातलं संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३बी धरून चालतं. रजिस्टर्ड लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं असेल तर कलम २८ लागतं. गोव्याच्या लग्नांचं तर सगळंच वेगळं, तिथं हिंदू विवाह कायदा लागूच नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. इकडे तसं नाही, पण अमेरिकन वाचून शिकलेलं एआय पुण्यातल्या बाईला बिनधास्त सांगतं, की तुम्हाला निम्मा वाटा मिळेल. आणि ती त्या भरवशावर समोरची बरी ऑफर नाकारते, हे मी दोनदा पाहिलंय.

पहिल्या आणि सेकंड मोशनमध्ये सहा महिने थांबावं लागतं, त्याचं पण ऐका. लोक येऊन सांगतात, मॅडम, सुप्रीम कोर्टाने हा कूलिंग पिरियड काढलाय ना? काढलेला नाही. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात कोर्ट म्हणालं की तो माफ करता येईल, पण त्याला अटी आहेत, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ते जजच्या हातात आहे. अर्धं खरं असं ठामपणे सांगितलं की माणूस दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक करून बसतो.

खोट्या निकालांबद्दल तुम्ही वाचलं असेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना चॅटजीपीटीने बनवलेले निकाल कोर्टात दिल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सचा एक आदेश रद्द केला, त्यात आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. शिकलेल्या अधिकाऱ्यांचं हे होतं, तर आपण रात्री अकरा वाजता फोनवर टाइप करणारी माणसं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भांडणाच्या केसची, म्हणजे समोरचा तयार नसतो तेव्हाची. बाई लिहिते, सासू टोमणे मारायची, नवरा गप्प बसायचा. एआय त्याचं करतं, 'सातत्याने शारीरिक व मानसिक छळ'. वाचायला जोरदार वाटतं, ती खाली सही करते, वर शपथ, की हे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. दीड वर्षांनी उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, मारलं कधी? तारीख सांगा. ती म्हणते, मारलं नाही कधी. झालं! आता तिने सोसलेले खरे टोमणेसुद्धा खोटे ठरतात. तिच्या साध्या शब्दांत ताकद होती, ती या सजावटीने गेली.

एक लहानसं: वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुप्त असतं, चॅटमध्ये टाइप केलेलं तसं नसतं. आणि लॅपटॉप घरातला एकच असेल तर नवराही वाचतो.

कुणी म्हणेल, चुकलं तर अपील करू. संमतीने झालेल्या डिक्रीवर अपील नाही, फॅमिली कोर्ट्स अ‍ॅक्टच्या कलम १९ मध्येच तसं लिहिलंय.

मागून एका ताईंनी विचारलं, वकील परवडत नाही म्हणूनच तर लोक हे करतात ना? बरोबर आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही, फियाच तशा आहेत. पण बाईला उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. एआय वापराच, तारखा क्रमाने लावायला, इंग्रजी नोटीस मराठीत समजून घ्यायला, वकिलाला काय विचारायचं याची यादी करायला. फक्त ज्यावर सही करायची तो कागद माणसाला दाखवा.

त्या मुलीचे कागद आम्ही पुन्हा केले, तिचा नवराही आला होता. दिवाळीवर तासभर गेला. मग तो म्हणाला, मुलाची चुलत बहीण सांगलीला असते, तो तिच्याकडे दरवर्षी भाऊबीजेला जातो. ती लगेच म्हणाली, हो, ते मोडायचं नाही. मग आम्ही लिहिलं: पाडव्यापर्यंत आईकडे, भाऊबीजेला सकाळी ७ वाजता वडील घेऊन जातील, सांगलीला.