तांबडा दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो?

पुण्यातली एक जुनी सोसायटी. जिन्याखाली मीटरची पेटी. वर दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवे बंद, पंखे बंद, फ्रिजचा प्लगही काढून ठेवलाय. तरी खाली त्या घराच्या मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकतोच आहे. दर 45 सेकंदांनी एकदा.

मीटरवर बारीक अक्षरांत 3200 हा आकडा छापलाय. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. अशा मीटरचं गणित सोपं आहे. 1125 ला दोन लुकलुकींच्या मधल्या सेकंदांनी भागायचं, उत्तर वॅटमध्ये येतं. इथे आलं 25.

कोण खातंय ही वीज? टीव्ही रिमोटने बंद केलाय, भिंतीवरचं बटण चालूच. सेट-टॉप बॉक्स हाताला कोमट लागतो. राउटर आहे, मायक्रोवेव्हचं घड्याळ आहे. 25 वॅट, चोवीस तास, तीस दिवस. झाली 18 युनिटं. आणि पॅसेजमधला जो दिवा विसरला म्हणून आजोबा रोज ओरडतात, तो 9 वॅटचा एलईडी. रोज पाच तास जळला तरी महिन्याचं दीड युनिटही होत नाही. आजोबांची शिस्त बरोबर, बोट मात्र भलत्याच बटणाकडे.

आता फ्रिज पुन्हा लावू. दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि कपटा ओढायचा. अलगद निघून आला, तर रबर सैल पडलंय. इथे खालच्या कोपऱ्यात तसंच झालंय. थंडावा तिथून निसटतो आणि कॉम्प्रेसर फिरतच राहतो.

गीझर 2000 वॅटचा. अर्धा तास चालला की एक युनिट. सकाळी सहाला लावून आठपर्यंत तसाच ठेवला, तर थर्मोस्टॅट मधूनमधून तेच पाणी पुन्हा तापवतो.

महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढचा दर चढा असतो. त्यापुढे बिल जाणाऱ्या घरात वाचलेलं युनिट आधी त्या महागड्या टप्प्यातलं कमी होतं. म्हणून ही 18 युनिटं दिसतात त्यापेक्षा मोलाची.

राहिले पंखे. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा साधारण 30 चा. दिवाणखान्यातला पंखा रोज सोळा तास फिरतो. तिथे महिन्याला साडेएकवीस युनिटं वाचतात, तोच आधी बदलायचा. पाहुण्यांच्या खोलीतला गणपतीत आणि दिवाळीत काय तो फिरतो. दुकानदार चारही पंख्यांवर सवलत देतोय. एकच घ्या.