टॉलेमीने बंदिस्त केलेला हिंदी महासागर

श्रोतेहो, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ.स. 150च्या सुमारास लिहिलेल्या भूगोलविषयक ग्रंथात जमिनीने वेढलेल्या समुद्रांचा आकारमानानुसार क्रम दिला आहे : पहिला हिंदी समुद्र, दुसरा भूमध्य आणि तिसरा कॅस्पियन. कॅस्पियनला उत्तर महासागराचे आखात समजणाऱ्या विद्वानांची चूक त्याने टाळली, हे त्याचे मोठेपण आहे. पण हिंदी महासागर त्याने चहूबाजूंनी बंद केला. आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरील ऱ्हाप्ता बंदराच्या पलीकडे आफ्रिकेचा किनारा पूर्वेकडे वळतो आणि अज्ञात भूमीच्या रूपाने दक्षिणेकडून लांबत जाऊन अतिपूर्वेच्या काट्टिगारा बंदराजवळ आशियाला मिळतो, अशी त्याची मांडणी होती.

उत्तर किनाऱ्याची माहिती मात्र त्याच्याकडे पुष्कळ होती. आपल्या कोकणातील चौल त्याच्या ग्रंथात ‘सिमुल्ला’ या नावाने येते, आणि तेथे ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून स्थानिक नावही त्याने टिपून घेतले आहे. तरीही भारताचे द्वीपकल्प त्याच्या नकाशात जवळजवळ सपाट झाले आणि श्रीलंका अवाढव्य झाली.

हा समुद्र त्याला बंद वाटावा, यात मोसमी वाऱ्यांचाही वाटा असावा, असे मला वाटते. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या या वाऱ्यांवर गलबते जात आणि परतत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हे वारे थोडेच उतरतात, त्यामुळे त्यापलीकडे जाण्याचे व्यापाऱ्याला ना कारण होते, ना सोय. माहिती जिथे संपली, तिथे टॉलेमीने जमीन काढली. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, सोपारा आणि कल्याण यांची नोंद करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेच्या अनाम लेखकाने ऱ्हाप्ताच्या पुढे समुद्र पश्चिमेस वळून पश्चिम समुद्रात, म्हणजे अटलांटिकमध्ये, मिसळतो, असे लिहिले होते. त्यानेही तो भाग पाहिलेला नव्हता, पण त्याचा अंदाज खरा होता.

टॉलेमीचा अधिकार मोठा असल्यामुळे त्याच्या चुकीचे वजनही मोठे ठरले. 1406च्या सुमारास हा ग्रंथ लॅटिनमध्ये आला आणि 1477पासून नकाशांसह छापला जाऊ लागला. ते नकाशे प्रमाण मानणाऱ्याला आफ्रिकेला वळसा घालून भारत गाठणे अशक्यच वाटणार. विरोधी मतेही होती : अकराव्या शतकात अल-बिरूनीने आफ्रिकेच्या दक्षिणेकडून दोन्ही समुद्र जोडलेले मानले, आणि व्हेनिसचा नकाशाकार फ्रा माउरो याने 1450च्या सुमारास आफ्रिकेभोवती पाणी दाखवले. 1488मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोम्यू दियाशने आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले, तेव्हा वाद मिटला. दहा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला पोहोचला. पूर्व आफ्रिकेतील मालिंदी बंदरापासून पुढे त्याला वाट दाखवणारा माणूस या समुद्राचा जुना जाणकार होता, हे आपण विसरता कामा नये.

पश्चिमेकडील बांध असा फुटला. दक्षिणेकडील अज्ञात भूमी मात्र भव्य दक्षिण खंडाच्या रूपाने नकाशांवर आणखी जवळजवळ तीन शतके टिकली. 1772 ते 1775च्या सफरीत जेम्स कुकने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले आणि समशीतोष्ण हवामानाचा, वस्तीयोग्य असा खंड तिकडे नाही, हे दाखवून दिले.