त्या रात्री सगळेच विरोधक होते

(ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. 'सत्तांतर आणि जनता' हा विषय मला दिला गेला. सत्तांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते, राष्ट्रपती भवन, शपथविधी, हारतुरे. मी आज तुम्हाला तिकडे नेणार नाही. इथून चालत दहा मिनिटांवर आपला बाडा, म्हणजे महाराज बाड्याचा चौक आहे, तिथे नेणार आहे. साल १९७७, महिना मार्च. मी तेव्हा १९ वर्षांची होते, बीएला. आम्ही जनकगंजात राहायचो आणि वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते.

समोर तरुण मुलंही दिसताहेत, म्हणून थोडी उजळणी करते. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागू झाली. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं मोजदाद केली, तिच्यानुसार मीसा या खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली सुमारे ३५ हजार आणि डीआयआर, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसं आत टाकली गेली. आपल्या राजमाता विजयाराजे शिंदे तिहार तुरुंगात होत्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. मग १८ जानेवारी १९७७ला इंदिराजींनी अचानक निवडणूक जाहीर केली. पाचच दिवसांनी चार पक्ष मिळून जनता पक्ष उभा राहिला. २ फेब्रुवारीला ज्येष्ठ मंत्री जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि काहीतरी हलतंय हे तेव्हा आम्हाला पहिल्यांदा जाणवलं. इथे ग्वाल्हेरात जनता पक्षाचे उमेदवार होते नारायण कृष्ण शेजवलकर, आपलेच. अडचण एकच होती. आमच्या गल्लीला जनसंघाच्या पणतीची सवय. आता शिक्का मारायचा तो चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर. आजीला ते चित्र पाटीवर काढून दाखवावं लागलं होतं.

मतदान १६ ते २० मार्च झालं आणि २०च्या रविवारी मोजणी सुरू झाली. पाडव्याच्या सुमाराचे दिवस होते, घरात साखरेच्या गाठी आलेल्या होत्या. आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. त्याच्याभोवती आमची आणि शेजारची मिळून पंधरा-सोळा माणसं बसली होती. आकाशवाणीवर दक्षिणेतल्या काँग्रेसच्या विजयांचे आकडे येत होते, ते खरेच होते. आंध्रातल्या ४२पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या. पण इंदिराजींच्या रायबरेलीचं नाव काही निघेना. कुणीतरी काटा फिरवून बीबीसी लावलं. आवाज लाटांसारखा वर-खाली होत होता. उत्तररात्री बातमी पक्की झाली की इंदिराजी ५५ हजारांहून जास्त मतांनी राजनारायण यांच्याकडून हरल्या. अमेठीत संजय गांधीही हरले. २१ तारखेला आणीबाणी उठल्याची घोषणा झाली.

त्या दिवशी संध्याकाळी बाडा जसा भरला होता तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. जिवाजीरावांच्या पुतळ्याभोवतीच्या कठड्यावर पोरं चढलेली, गोरखीच्या दारापर्यंत माणसंच माणसं. अनोळखी बाई माझ्या तोंडात पेढा कोंबत होती. गुलाल तर इतका उधळला गेला की दुसऱ्या दिवशी नळावर धुण्याचं पाणी गुलाबी वाहत होतं. दिल्लीत आजोबांपासून सरकार म्हणजे एकच पक्ष. ते मतानं घालवता येतं हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. मला विचाराल तर तो आनंद जनता पक्षाचा कमी आणि या शोधाचा जास्त होता. आपण घालवू शकतो, आणि घालवलं तर ते जातात! आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. त्या आनंदाबद्दल मी एक शब्दही उणा बोलणार नाही.

पण त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. आम्ही परतत होतो तेव्हा एक टांगा आमच्याजवळ थांबला. टांगेवाले ओळखीचे होते, वडिलांच्या शाळेतली मुलं ने-आण करायचे. त्या दिवशी ते कुणाकडूनच पैसे घेत नव्हते. म्हणाले, "मास्टरसाहब, बैठिए, आज भाड़ा नहीं." मी आणि आई बसलो. वडील बसले नाहीत. टांग्याच्या दांडीला हात लावून ते दौलतगंजापर्यंत पायी चालत आले. मला वाटलं, गर्दीमुळे असेल.

त्याचं कारण मला कळायला काही वर्षं गेली. तोवर मी इतिहास शिकवायला लागले होते. ते सांगण्याआधी आकडे बघू. मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, छिंदवाड्याची. गुण्यातून माधवराव शिंदे अपक्ष म्हणून निवडून आले. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांमध्ये काँग्रेसला शून्य. जनता पक्षाला देशभरात २९५ जागा मिळाल्या. आपल्या लक्षात एवढंच राहतं. मतांचा आकडा मात्र कुणी सांगत नाही. काँग्रेसला तेव्हाही ३४ टक्क्यांहून जास्त मतं होती. म्हणजे मतदान केलेल्या दर तिघांमधल्या एकानं काँग्रेसच्या गाय-वासरावरच शिक्का मारला होता. दक्षिणेचा वाटा त्यात मोठा, हे मान्य. तरीही एप्रिल उजाडेपर्यंत आमच्या गल्लीत त्या तिसऱ्या माणसाचा पत्ता लागत नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणे, मी तर पहिल्या दिवसापासून विरोधातच होतो.

पहिल्या दिवसापासून? मी याच गल्लीत वाढले. १९७५च्या पावसाळ्यात इथल्या ओट्यांवर काय बोललं जात होतं ते मी कानांनी ऐकलंय. कचेऱ्या वेळेवर भरतात, गाड्या वेळेवर सुटतात, वाण्याच्या दुकानात भावाची पाटी लागली, बरं झालं. विनोबांचे 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, हे शब्द भिंतींवर रंगवले गेले आणि ते वाचून माना डोलावणारी माणसं आमच्याच घरात चहाला यायची. ज्यांच्या घरचं माणूस मीसात होतं त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचं की नाही, यावर बायकांमध्ये कुजबुज व्हायची. आईनं जायचं ठरवलं, पण ती अंधार पडल्यावर गेली. हेही मी पाहिलंय.

या माणसांना मी खोटारडी म्हणत नाही. भीती होती, नोकऱ्या होत्या, मुलींची लग्नं व्हायची होती. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकार बदलतं तेव्हा माणसं आपला कालचा दिवसही बदलून घेतात. गुलाल उधळणं, पेढे वाटणं ही प्रतिक्रिया डोळ्यांना दिसते. ही दुसरी प्रतिक्रिया घराघरांत, मुकाट्यानं होते आणि ती कुठल्याच दप्तरात नोंदली जात नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तिची फार काळजी वाटते. लोकांनी कालचं झाकलं, की ते कसं घडलं हे पुढच्या पिढीला कळायला वाटच उरत नाही.

आता वडिलांचं सांगते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यातले बहुसंख्य पुरुष होते. उत्तरेत काँग्रेस का भुईसपाट झाली याची पुष्कळ कारणं सांगितली जातात, पण गावोगावी मनात बसलेली धास्ती ही होती. एवढी माणसं आणली कुणी? पोलीस होते, तहसीलवाले होते, आणि फार मोठ्या संख्येनं मास्तर होते. मास्तरांना 'केस' आणायच्या असायच्या. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला, किंवा तयार केलेला, माणूस. वडिलांना वरून तोंडी सांगितलं गेलं होतं की दोन केस आणल्या नाहीत तर पगार निघणार नाही. शाळेचं नाव मी घेत नाही, ती गोष्ट तेव्हा अनेक शाळांत घडत होती. दोन महिने त्यांचा पगार अडला. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. तिसऱ्या महिन्यात वडिलांनी दोन केस दिल्या. त्यातली एक म्हणजे ते टांगेवाले.

त्यांना दोन मुली होत्या आणि मुलगा हवा होता. वडिलांनी त्यांना समजावलं. मास्तरांचा शब्द, शिवाय मिळणारे थोडे रुपये आणि तुपाचा डबा. जबरदस्ती नव्हती, असं वडील म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्या संध्याकाळी बाड्यावर जल्लोष करणाऱ्यांत ते टांगेवाले होते आणि त्याच गर्दीत वडीलही होते. दोघांनी मत एकाच चिन्हाला दिलं होतं. पण वडिलांना टांग्यात बसवेना.

हे ऐकल्यापासून विजयाच्या मिरवणुकीचा फोटो दिसला की मी त्यातली न हसणारी माणसं शोधते. तुम्हीही शोधून पाहा.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पटकन सांगते. २४ मार्चला मोरारजीभाई पंतप्रधान झाले, दिल्लीत बसलेलं ते पहिलं बिगरकाँग्रेसी सरकार. पुन्हा अशी आणीबाणी सहज लादता येऊ नये म्हणून त्यांनी ४४वी घटनादुरुस्ती केली. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' असं घातलं. हे काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालं नाही असं मला वाटतं. बाकी भांडणांतच गेलं. भोपाळमध्ये तर तीन वर्षं भरायच्या आत तीन मुख्यमंत्री झाले, कैलाश जोशी, सकलेचा आणि पटवा. जुलै १९७९मध्ये मोरारजींचं सरकार पडलं. जानेवारी १९८०मध्ये इंदिराजी ३५३ जागा घेऊन परत आल्या आणि तीच गल्ली म्हणू लागली, आम्हाला ठाऊकच होतं, यांना राज्य करता येणार नाही. तेव्हाचा प्रचार कांद्याच्या भावावर चालला होता.

गंमत बघा, त्या वेळी ग्वाल्हेरनं मात्र शेजवलकरांनाच पुन्हा निवडून दिलं. सगळा देश एकीकडे आणि आपण दुसरीकडे. म्हणून 'लाट' हा शब्द मला नीट पटत नाही. लाट सगळं सारखं भिजवते. माणसं अशी सारखी भिजत नाहीत.

आणि मग १९८४. इथल्या शिंद्यांच्या छावणीत वाढलेले, गोरखीच्या शाळेत शिकलेले, १९७१मध्ये इथूनच खासदार झालेले अटलजी पुन्हा उभे राहिले. अर्ज भरायची मुदत संपता संपता काँग्रेसकडून माधवराव समोर आले. इंदिराजींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते, देशाचं मन सुन्न होतं. अटलजी पावणेदोन लाख मतांनी हरले. पुढे १९९६मध्ये ते १३ दिवसांसाठी पंतप्रधान झाले तेव्हा याच बाड्यावर पुन्हा गुलाल उधळला गेला. तेव्हापासून गेली कित्येक वर्षं मी लष्करातल्या माझ्या पिढीच्या माणसांना विचारत आलेय, १९८४मध्ये तुम्ही मत कुणाला दिलं होतं? अटलजींच्या विरोधात मत दिल्याचं सांगणारी दोन माणसं मला भेटली. पावणेदोन लाखांच्या फरकामागे फक्त दोन! त्यांतल्या एका काकू म्हणाल्या, "अगं, इंदिराबाईंचा फोटो पाहिला की रडू यायचं, मग दुसरीकडे हात कसा जाणार?" त्या एका वाक्यातून मला १९८४ जेवढं समजलं तेवढं कुठल्याच ग्रंथातून समजलं नाही. त्यांनी ते लपवलं नाही याचे मी आजही उपकार मानते.

आज इथे पंचाहत्तरीच्या पुढची निदान वीस मंडळी बसली आहेत. कार्यक्रम संपल्यावर मी खाली वही घेऊन बसणार आहे. जिंकल्यावर काय केलंत ते मला पुष्कळांनी सांगितलंय. त्याच्या आदल्या वर्षी काय केलंत, ते सांगा. नाव नको असेल तर मी लिहिणार नाही.

वडिलांनी स्वतःहून मला हे सगळं एकदाच सांगितलं. ते टांगेवाले असेपर्यंत दर दिवाळीला पहिला फराळाचा डबा त्यांच्याकडे जायचा. वडील तो स्वतः नेत, सायकलला अडकवून. मी बरोबर येऊ का म्हटलं की म्हणत, "नको, तू आईला मदत कर." परत यायला त्यांना तास-दीड तास लागायचा. घर तर गल्लीच्या टोकालाच होतं.