पाचवा फॉरवर्ड कोण?

(दृश्य: भुसावळच्या बाहेरचं एक शेत. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर हिरवी भरताची वांगी. बाजूला पाच-सहा जणांचं कोंडाळं. आवाज चढलेले आहेत.)

निवेदन :

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघानं आठ सामन्यांत मिळून १५ गोल केले. त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे. हरमनप्रीत बचावपटू आहे. त्याचे गोल पेनल्टी कॉर्नरवर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर झाले. उरले ५. त्यातला एक विवेक सागर प्रसादचा, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचा. राहिले ४. दोन अभिषेकचे, एक मनदीप सिंगचा, एक सुखजीत सिंगचा. सोळा जणांच्या त्या संघात पाच फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, होते. ललितकुमार उपाध्याय आणि गुरजंत सिंग या दोघांच्या नावापुढं एकही गोल नाही.

हे आकडे खानदेशात, भरिताच्या पार्टीत, लोक तोंडपाठ सांगतात. आम्ही गेलो तेव्हा बिहारमधल्या राजगीरचा आशिया कप होऊन काही महिने झाले होते, थंडी पडली होती आणि वाद एकाच गोष्टीवर अडला होता : २०२६च्या विश्वचषकासाठी कोणते फॉरवर्ड ठेवायचे?

(दृश्य: भुसावळ जंक्शन. यार्डातली इंजिनं. रेल्वे वसाहतीतलं मुरूमाचं मैदान, तिथं स्टिक घेऊन धावणारी मुलं.)

क्रिकेटच्या देशात या गावाला हॉकीची ओढ का, याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. रेल्वेनं पिढ्यान् पिढ्या हॉकीपटूंना नोकरी दिली, आणि जिथं रेल्वेची वसाहत तिथं मैदान, हे जुनं समीकरण. जवळच वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना, भुसावळचा दुसरा. कारखान्याच्या वसाहतीतून हॉकीचा खेळाडू कसा वर येतो, हे महाराष्ट्रानं धनराज पिल्लेच्या रूपानं पाहिलं आहे. धनराज खडकीच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढला. त्यामुळं वरणगावच्या माणसाला तो आपल्या गल्लीतला वाटतो, मधे चारशे किलोमीटर असले तरी.

वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. ते हॉकीबद्दल बोलायला लागले की अजून ‘लेफ्ट इन’, ‘राइट आऊट’ असेच शब्द येतात. पाच फॉरवर्ड एका ओळीत उभे राहायचे, त्या काळातले.

(दृश्य: नाना बडगीत वांगी ठेचताहेत. हात थांबत नाही, बोलणंही थांबत नाही.)

नानांचं म्हणणं सरळ आहे. फॉरवर्डचं काम गोल करणं. चार गोल म्हणजे नापास. हरमनप्रीत नसता तर पॅरिसहून हात हलवत परत आलो असतो. अभिषेक आणि सुखजीत ठेवा, बाकी सगळे नवे आणा.

समोर बसलेल्या मुलीला हे पटत नाही. ती जळगावला कॉलेजात शिकते आणि स्वतः फॉरवर्ड खेळते. तिनं एकच प्रश्न विचारला : “नाना, हरमनप्रीतला पेनल्टी कॉर्नर मिळवून कोणी दिले?”

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळा वाद या प्रश्नावर उभा आहे. पेनल्टी कॉर्नर मिळतो तो प्रतिस्पर्धी बचावपटूनं ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चूक केली म्हणून. बहुतेक वेळा चेंडू त्याच्या पायाला लागलेला असतो. तो चुकून लागत नाही. फॉरवर्ड बेसलाइनच्या बाजूनं डीमध्ये शिरतो, दोन बचावपटूंच्या मधे अंग घालतो, गोलकडं जागा नसली की नजर खाली नेऊन पाय शोधतो आणि चेंडू तिथं ढकलतो. शिट्टी वाजते. मग हरमनप्रीत धावत येतो, ड्रॅग फ्लिक मारतो, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन गोलकडं भिरकावतो, आणि टीव्हीवर त्याचं नाव येतं. ज्यानं पाय शोधला त्याचं नाव कुठंच येत नाही. वर्तमानपत्रातल्या गोलांच्या यादीत तर नाहीच.

दुसरं काम त्याहून कमी दिसतं. प्रशिक्षक क्रेग फुल्टन २०२३मध्ये आले, तेव्हापासून आधी बचाव भक्कम करायचा आणि त्यातून सामना जिंकायचा, हे त्यांचं धोरण आहे. हा बचाव गोलरक्षकाच्या पुढ्यात सुरू होत नाही. तो सुरू होतो समोरच्या संघाच्या पंचवीस यार्डांत, जिथं आपला फॉरवर्ड त्यांच्या बचावपटूच्या अंगावर धावून जातो आणि त्याला हवा तो पास देऊ देत नाही. पाच-सहा मिनिटं जीव तोडून धावायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून हे शक्य होतं. आणि म्हणूनच पाचवा फॉरवर्ड हा राखीव खेळाडू नसतो. तो थकलेला असेल किंवा मंद असेल तर दर क्वार्टरमध्ये काही मिनिटं संघ पुढून उघडा पडतो.

नानांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डकडं कोणी बघत नाही, पण त्याच्या हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलत नाही, असंच ना?” मुलगी हो म्हणाली. “पण तरी,” नाना म्हणाले, “गोल पाहिजेच.”

(दृश्य: मोबाईलवर राजगीरच्या अंतिम सामन्याची झलक. सगळे वाकून बघताहेत.)

गोल झाले, तेही राजगीरला. सप्टेंबर २०२५, आशिया कपचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. पहिल्याच मिनिटाला सुखजीतचा गोल. मग दिलप्रीत सिंगचे दोन. चौथा अमित रोहिदासचा. भारत ४-१नं जिंकला, आठ वर्षांनी आशिया कप मिळाला आणि विश्वचषकाची जागाही पक्की झाली. चारातले तीन गोल फॉरवर्डचे. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला अभिषेक. कझाकस्तानवरच्या १५-० विजयातले गोल मोजून कोणी फॉरवर्डची पाठ थोपटू नये, हे कोंडाळ्यात सगळ्यांना मान्य होतं. अंतिम सामन्यातले तीन मात्र खरे गोल होते.

राजगीरच्या संघातही फॉरवर्ड पाचच होते. पॅरिसच्या पाचांपैकी अभिषेक, सुखजीत आणि मनदीप राहिले. ललितनं जून २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी सोडली, त्याच महिन्यात प्रो लीगमध्ये भारत ओळीनं सात सामने हरला होता. गुरजंत संघाबाहेर. त्यांच्या जागी दिलप्रीत आणि ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातला शिलानंद लाकरा.

अभिषेक आणि सुखजीतबद्दल वाद नाही. सोनीपतचा अभिषेक डीच्या टोकावरून रिव्हर्स हिट, म्हणजे उलट्या स्टिकचा फटका, मारतो तेव्हा गोलरक्षकाला हात हलवायला वेळ मिळत नाही. पॅरिसला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता, आणि त्या दिवशी ऑलिम्पिकमध्ये ५२ वर्षांनी भारतानं ऑस्ट्रेलियाला हरवलं. सुखजीतचं तर काय सांगावं. २०१८मध्ये पाठीच्या दुखापतीनं त्याचा उजवा पाय लुळा पडला होता. तिथून तो उभा राहिला आणि ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध गोल करून आला. त्याचं नाव निघालं की शेतावरचा प्रत्येक जण एकदा तरी त्या पायाचा उल्लेख करतो. मला ते योग्य वाटतं. खेळाडूवर प्रेम करायला कारण लागतं आणि हे मोठं कारण आहे.

दिलप्रीतचंही मत पक्कं होत आलं. टोकियो ऑलिम्पिकला होता, ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात गोल केला होता, पॅरिसच्या यादीत मात्र त्याचं नाव नव्हतं. वगळलेला माणूस परत येऊन अंतिम सामन्यात दोन गोल करतो, तर त्याला काढायचं कोणत्या तोंडानं?

मग मनदीप.

(दृश्य: कळण्याच्या भाकरी थापल्या जाताहेत. पलीकडून मोठ्यानं एक आवाज.)

अमळनेरहून केळीची गाडी घेऊन आलेला एक चालक या सगळ्यात गप्प होता. मनदीपचं नाव कापायची भाषा सुरू झाली तसा तो उठून उभा राहिला. “त्याले कसाले काढतस भो?”

मनदीप जालंधरजवळच्या मिठापूरचा, २०१३पासून भारताकडून खेळतो आहे, तिशी ओलांडली आहे. त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांकडं मुद्दे आहेत. तो पूर्वीसारखा वेगवान नाही. मोकळ्या गोलसमोर त्याच्या हातून संधी निसटतात आणि त्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण चालकानं बोट ठेवलं ते राजगीरच्याच सुपर फोरमधल्या, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीतल्या, सामन्यावर. कोरिया २-१नं पुढं होती. ५२व्या मिनिटाला बरोबरी साधली ती मनदीपनं. पॅरिसला न्यूझीलंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात भारत मागं पडला, तेव्हाही पहिला गोल त्याचाच, पेनल्टी कॉर्नरवरून परत आलेल्या चेंडूवर. गोलपोस्टच्या तोंडाशी, बचावपटूंच्या काठ्या अंगावर झेलत उभं राहायचं आणि उडालेल्या चेंडूला फक्त स्टिक लावायची, हे काम करायला तरुण पाय लागत नाहीत. तिथं नजर आणि धीर लागतो.

शाळेत खेळ शिकवणारे एक सर यावर म्हणाले की तो धीर शिलानंदलाही येईल, पण त्यासाठी त्याला सामने मिळायला हवेत. मनदीप प्रत्येक मोठ्या स्पर्धेत जागा अडवून बसला तर २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला आपण कोणाला नेणार? हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. याला घाईनं उत्तर देता येत नाही.

नानांनी उत्तर दिलं ते मात्र धनराजचं नाव घेऊन. १९९८मध्ये बँकॉकला भारतानं ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण जिंकलं, आणि घरी आल्यावर त्या संघातल्या धनराजसह अनेकांना बाहेर बसवलं गेलं. पुढं तोच धनराज सिडनी आणि अथेन्सचं ऑलिम्पिक खेळला. “नवे आणा” म्हणणारे नाना हे सांगताना लाल झाले होते. आपल्याच पहिल्या म्हणण्याविरुद्ध आपण बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण त्यांनी ते लपवलं नाही. नवे आणा, पण जुन्यांना असं वागवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

(दृश्य: मुलगी हातातली स्टिक जमिनीवर टेकून बोलते आहे.)

मुलीनं मग मुलींच्या संघाची आठवण काढली, आणि कोंडाळं शांत झालं. जानेवारी २०२४, रांची. ऑलिम्पिकची पात्रता, तिसऱ्या जागेसाठीचा सामना जपानशी. भारत ०-१नं हरला आणि पॅरिसचं दार बंद झालं. एक गोल हवा होता, तो कोणाकडूनच झाला नाही. वंदना कटारिया गालाचं हाड मोडल्यामुळं त्या स्पर्धेत नव्हती. टोकियोला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणारी वंदना, ऑलिम्पिकमध्ये अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला. “ती असती तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही,” मुलगी म्हणाली. “पण डीमध्ये गर्दी झाली की कोणाला घाबरायचं हे जपानच्या पोरींना कळलंच नाही.” एप्रिल २०२५मध्ये वंदना निवृत्त झाली.

या मुलीचं ऐकल्यावर माझं मत ठरलं, आणि ते मी इथं सांगून टाकतो. मनदीपला विश्वचषकाला ठेवावं. प्रत्येक क्वार्टरमध्ये धावायला नाही, तर सामना अडकल्यावर शेवटच्या पंधरा मिनिटांत गोलपोस्टच्या तोंडाशी उभं राहायला. असा खेळाडू संघात असण्याची किंमत रांचीनं आपल्याला दाखवली आहे. टोकियोनंही दुसऱ्या बाजूनं दाखवली आहे : कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीला ५-४नं हरवलं, तेव्हा दोन गोल करणारा सिमरनजीत सिंग मूळच्या सोळांत नव्हताच. कोविडमुळं राखीव खेळाडूंना सामन्यात घ्यायची मुभा मिळाली, म्हणून तो मैदानावर आला. शेवटच्या नावाला निवडसमितीनं वेळ द्यायला हवा, तो या कारणासाठी.

सरांना माझं म्हणणं पटलं नाही. त्यांनी जमिनीवर काडीनं दोन तारखा लिहिल्या. बेल्जियम आणि नेदरलँड्समधला विश्वचषक ऑगस्ट २०२६मध्ये. जपानमधलं आयची-नागोयाचं एशियाड १९ सप्टेंबरपासून, आणि तिथलं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिसचं थेट तिकीट. दोन्हींमध्ये तीन आठवड्यांचंही अंतर नाही. पाच फॉरवर्ड हे ओझं दोनदा उचलू शकणार नाहीत. पाच नव्हे, आठ नावं हवीत, आणि ती आतापासून खेळवायला हवीत.

(दृश्य: पत्रावळी मांडल्या जाताहेत. भरिताचं पातेलं मधोमध.)

आठ म्हटल्यावर वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत, मनदीप, शिलानंद. पुढचे तीन कोण? चालकाला गुरजंत परत हवा आहे. २०१६च्या लखनौच्या ज्युनियर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं बेल्जियमला गोल मारला होता, हे तो विसरलेला नाही. मुलीला तिन्ही जागा ज्युनियर संघातून भरायच्या आहेत. नाना म्हणतात, आधी जेवा, मग यादी करू, आणि ताटावर बसता बसता स्वतःच विचारतात, “पण सेंटर फॉरवर्ड कोण?”