चार कोअर, चार थ्रेड, तरी एक जागा कमी

स्क्रीनवर जी कमांड दिसतेय ना, ती एक असा प्रोसेसर चालू करतेय जो अजून कुणी बनवलेलाच नाहीये. माटुंग्यातल्या एका कॉलेजची लॅब आहे ही, आणि एमटेकची मुलगी जेमफाइव्हमध्ये चार कोअरचं मशीन उभं करतेय. जेमफाइव्ह हा कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा सिम्युलेटर, म्हणजे न बनवलेला प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्येच चालवून दाखवणारा प्रोग्राम, मिशिगन युनिव्हर्सिटीचा एमफाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स हे दोन जुने सिम्युलेटर एकत्र करून झालेला, त्याचा पेपर 2011 मध्ये आला, आणि सगळा ओपन सोर्स. कोअर किती, कॅशे म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी केवढी, मेमरीला वेळ किती लागतो हे पायथनच्या फाइलमध्ये लिहायचं आणि त्यावर खराखुरा प्रोग्राम चालवून बघायचा.

मोठं बनवायच्या आधी छोटं चालवून बघायचं, हे मुंबईत नवीन नाही. टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी 1956 मध्ये आधी एक पायलट मशीन चालवून दाखवलं आणि मग 1960 मध्ये पूर्ण कॉम्प्युटर उभा केला, तोच पुढे टिफ्रॅक म्हणून ओळखला गेला. आता ते पायलट मशीन एका फाइलमध्ये मावतं.

थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला आपला आपला चालणारा कामाचा धागा. एका थ्रेडचा प्रोग्राम असेल तर जेमफाइव्ह फारसा त्रास देत नाही. खरी गंमत मल्टिथ्रेडेडला आहे. फुल सिस्टिम मोडमध्ये डिस्क इमेज द्या, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा द्या, आत अख्खं लिनक्स बूट होतं आणि थ्रेड कुठे चालवायचे ते लिनक्सच बघतं. पण तिने घेतलाय एसई मोड, म्हणजे सिस्टिम कॉल एम्युलेशन, यात ऑपरेटिंग सिस्टिम नसतेच, प्रोग्रामने सिस्टिम कॉल केला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागितलं, की सिम्युलेटर स्वतःच उत्तर देतो.

"सर, तीन थ्रेड बनतायत, चौथा बनतच नाहीये. कोअर तर चार दिलेत."
"मेन थ्रेड कुठे बसलाय?"
"मेन... अच्छा, एक कोअर त्यानेच घेतलाय."
"मग पाच दे. आणि पीथ्रेड क्रिएटची रिटर्न व्हॅल्यू चेक कर गं, दरवेळी सांगतो."

होतं काय, की पीथ्रेड क्रिएट हे नवा थ्रेड बनवणारं फंक्शन, आणि त्याच्या पोटात क्लोन नावाचा सिस्टिम कॉल असतो. लिनक्समध्ये चार कोअरवर शंभर थ्रेड आले तरी शेड्युलर सगळ्यांना थोडा थोडा वेळ वाटून देतो. एसई मोडमध्ये शेड्युलरच नाही, त्यामुळे क्लोन आला की सिम्युलेटर रिकामी जागा शोधतो, मिळाली तर थ्रेड तिथे बसतो, नाही मिळाली तर सरळ एरर परत. म्हणून चार थ्रेडना पाच कोअर. मला विचाराल तर नवीन माणसाने एसई मोडनेच सुरुवात करावी, कारण ऑपरेटिंग सिस्टिम आपल्यासाठी गुपचूप काय काय करत असते ते इथे ती नसल्यामुळे कळतं.

आता तिचा प्रोग्राम. एक छोटा ॲरे, चार काउंटर, प्रत्येक थ्रेड फक्त आपापला काउंटर वाढवतो, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. व्हेरिएबल व्होलाटाइल ठेवलंय, नाहीतर कंपायलर काउंटर रजिस्टरमध्येच ठेवून मोकळा झाला असता आणि बघायला काही उरलं नसतं. एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक नाही, काही नाही, तरी चार थ्रेडवर हा प्रोग्राम एका थ्रेडपेक्षाही रडत चालतो.

कारण एक काउंटर 4 बाइटचा आणि कॅशे लाइन, म्हणजे कॅशे एका वेळी उचलते तो तुकडा, 64 बाइटची, म्हणजे चारही काउंटर एकाच लाइनमध्ये. चाळीतल्या चार बिऱ्हाडांचा हिशेब वेगवेगळा पण वही एकच, तसं झालं हे, एकाने लिहायला घेतली की बाकीचे तिघं थांबणार. खऱ्या मशीनवर नुसतं बघून एवढंच कळतं की प्रोग्राम स्लो आहे. इथे जेमफाइव्हची रुबी मेमरी सिस्टिम लावून प्रोटोकॉल ट्रेस, म्हणजे लाइन कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद, चालू केला की प्रत्येक हालचाल छापून येते. झूम करून बघा, ही पहिल्या कोअरची एल-वन, म्हणजे सगळ्यात जवळची कॅशे, लाइन तिच्याकडे मॉडिफाइड, म्हणजे बदललेली, पुढच्याच ओळींमध्ये दुसऱ्या कोअरने ती मागितली आणि पहिल्याकडची झाली इनव्हॅलिड, म्हणजे बाद, मग तिसरा मागतो, मग परत पहिला. ॲड्रेस तोच, ओळीमागून ओळी तोच ॲड्रेस. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. तिने प्रत्येक काउंटरला स्वतःची 64 बाइटची जागा दिली आणि लूपमधली ही सगळी खेचाखेच बंद.

हे सगळं फार हळू चालतं बरं का. खऱ्या मशीनवर सेकंदभरात होणारं काम डिटेल्ड आउट-ऑफ-ऑर्डर, म्हणजे इन्स्ट्रक्शन क्रम सोडूनही चालवणाऱ्या प्रोसेसरच्या मॉडेलवर कित्येक तास घेतं, म्हणून प्रोग्रामच्या महत्त्वाच्या भागाच्या आधी स्टॅट्स रीसेट करायचे, नंतर डंप करायचे, बाकीचं साध्या मॉडेलवर पळवायचं.

आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता. जेमफाइव्हला तोच इनपुट, तेच कॉन्फिग दिलं की आकडा तोच येतो, शेवटच्या टिकपर्यंत तोच, आणि त्यामुळे त्यावर विश्वास बसतो. पण मल्टिथ्रेडेड प्रोग्रामला एकच एक वेळ नसतोच! मेमरीने जरासा उशीर केला तर लॉक दुसऱ्याच थ्रेडला मिळतो आणि तिथून पुढचा सगळा रस्ता बदलतो. विस्कॉन्सिनच्या अलमेलदीन आणि वुड यांनी 2003 मध्येच हे दाखवलं, मेमरीच्या वेळेत मुद्दाम छोटे रँडम फरक टाकून तोच वर्कलोड पुन्हा पुन्हा चालवला आणि एकाच रनवर भरवसा ठेवला तर चुकीचं डिझाइन चांगलं ठरू शकतं हे समोर आलं. याच दोघांनी आयपीसी, म्हणजे एका क्लॉक सायकलमध्ये किती इन्स्ट्रक्शन झाल्या त्या आकड्याबद्दलही सावध केलंय, कारण लॉकसाठी लूपमध्ये फिरत बसलेला थ्रेडसुद्धा भराभर इन्स्ट्रक्शन चालवत असतो, आयपीसी मस्त दिसतो, काम शून्य.

म्हणून आता तिने काउंटर बाजूला ठेवून लॉकवाला प्रोग्राम घेतलाय आणि वेगवेगळे सीड, म्हणजे त्या रँडम फरकांचे सुरुवातीचे आकडे, देऊन एकदम बरेच रन लावलेत, एक सिम्युलेशन तसंही होस्टचा साधारण एकच कोअर खातं. स्प्रेडशीटमध्ये आयपीसीचा कॉलम नाहीये, काम संपायला लागलेला सिम्युलेटेड वेळ आहे, आणि दर डिझाइनसमोर सरासरीच्या शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, दोन्ही.