बोलायची मुभा कुठपर्यंत

नमस्कार सोलापूरकर मंडळी. आज आपण अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोलूया. म्हणजे मनातलं बोलायची, लिहायची, चित्र काढायची, नाटक करायची जी मुभा आपल्याला आहे ना, तिला हद्द कुठं असावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती हद्द आखायची कुणी. बऱ्याच जणांना वाटतं हा दिल्ली-मुंबईतल्या टीव्हीवाल्यांचा विषय, पण ह्या प्रश्नाचा चटका आपल्या जिल्ह्याला दोन्ही अंगांनी बसलाय.

एक अंग १९३० चं. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, ८ मेला गोळीबार झाला, मग काही दिवस गावात इंग्रजाचा अंमलच राहिला नाही, आणि १२ मेपासनं इथं मार्शल लॉ आला. तिरंगा हातात धरला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या, गांधी टोपी डोक्यावरनं काढायला लावली. टोपी घालणं, झेंडा धरणं, ह्यात कुणाला काय इजा होती? पण ती अभिव्यक्ती होती आणि राज्यकर्त्याला ती खुपत होती, एवढं पुरलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्यावरचा खटला पोलिसांच्या खुनाचा होता, भाषणाचा नव्हता, हे नीट सांगितलं पाहिजे, पण कुर्बान हुसेन हे गझनफर नावाचं वृत्तपत्र चालवायचे आणि त्यातनं सरकारविरुद्ध लिहायचे हेही तितकंच खरं आहे. चार हुतात्मा चौकातनं रोज जाताना आपण पुतळे बघतो, त्यातला एक पत्रकाराचा आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

आता दुसरं अंग, आणि हे सांगताना मला अजून जड जातं. १ जुलै २०१८, रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी गेले होते, आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर भराभर फिरत होते. लोकांना संशय आला, पाचही जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. पोरं पळवणारं कुणीही नव्हतं तिथं. ज्यांनी तो मेसेज पुढं ढकलला त्यातल्या कित्येकांना तर आपण गावाचं भलंच करतोय असं वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. उशीर झाला होता ओ.

म्हणून कुणी म्हणालं की बोलण्याला कसलीच हद्द नको, तर मला मंगळवेढ्यातली ती घरं दिसतात. आणि कुणी म्हणालं की सरकारला वाटेल ते बंद करू द्या, तर मला मार्शल लॉ आठवतो. ह्या दोन्हीतनं माझ्यापुरतं एक माप निघतं, की त्या बोलण्यानं कुणा माणसाच्या जिवाला, अंगाला, घरादाराला धोका होतोय का, की फक्त कुणाचा तरी मान दुखावतोय. पहिलं असेल तर थांबवा, आणि लगेच थांबवा. दुसरं असेल तर ज्याला लागलंय त्यानं उत्तर द्यावं, सभा घ्यावी, लेख लिहावा, पोलीस स्टेशन गाठायचं काम नाही.

आपली राज्यघटना ह्याच्या बरीच जवळ जाते. कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच्या दुसऱ्या पोटकलमात ते कशासाठी आवरता येतं तेही दिलंय: देशाचं सार्वभौमत्व नि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. बस्स, एवढंच. सगळं पहिल्या दिवसापासनं नव्हतं बरं का, सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी संबंध आणि चिथावणी हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आले, कारण १९५० मध्ये सुप्रीम कोर्टानं मद्रास आणि दिल्लीच्या प्रशासनानं दोन साप्ताहिकांवर काढलेले हुकूम रद्द केले होते, त्यातलं एक डाव्यांचं नि एक उजव्यांचं. पण त्याच दुरुस्तीत निर्बंध वाजवीच पाहिजे ही अटही आली, म्हणून आज सरकार काहीही म्हणो, ते वाजवी आहे का हे कोर्ट तपासू शकतं. अखंडतेचं कारण १९६३ चं.

आता ह्या यादीत भावना दुखावल्या हे कारण कुठं आहे? नाही. धार्मिक भावनांबद्दल एक कलम आहे, इंग्रजांनी १९२७ मध्ये आणलेलं, आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ नंबरचं झालंय, पण तिथंसुद्धा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेलं असावं लागतं, नुसतं वाचून कुणाला तरी वाईट वाटलं हे पुरत नाही. आपल्याकडं मात्र काय होतं, कुणीतरी स्टेटस ठेवतं, शंभर जणांचा जमाव पोलीस स्टेशनवर येतो, आणि पोलीस जमाव शांत व्हावा म्हणून त्या पोरालाच आत घेतात. माझ्या मते हे साफ उलटं आहे. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये एका तमिळ सिनेमाच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की दंगल होईल अशी धमकी मिळाली म्हणून सरकारनं हात वर करायचे नसतात, बोलणाऱ्याचं रक्षण करणं हे त्याचं कामच आहे, आणि धोका म्हणायचा तर तो बंदुकीच्या दारूच्या कोठारातल्या ठिणगीसारखा लगेचचा असावा लागतो. उद्या आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या नाटकाला कुणी धमकी दिली, तर बंदोबस्त नाटकासाठी लागला पाहिजे, प्रयोग रद्द करायला नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारं गाव आहे हे, इथं रोज कुणाचं ना कुणाचं कुणाला तरी खटकणारच.

बदनामीचं थोडं वेगळं आहे. खोटं छापून एखाद्याची अब्रू घालवली तर त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, पण त्यासाठी तुरुंग कशाला? सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये ते फौजदारी कलम कायम ठेवलं, मला तो निकाल पटलेला नाही. पैसेवाला माणूस लांबच्या शहरात केस टाकतो आणि छोट्या पेपरचा वार्ताहर तारखांनाच दमतो, शिक्षा व्हायची गरजच उरत नाही.

पालघरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर बंद पाळला गेला, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर सवाल केला, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. मग आयटी ॲक्टच्या ६६ अ कलमाला, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणाऱ्या कलमाला, कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम पूर्ण रद्द झालं. त्या निकालात तीन पायऱ्या केल्यात, चर्चा, आग्रहानं मत मांडणं आणि चिथावणी, आणि कायदा तिसऱ्या पायरीवरच हात घालू शकतो. राईनपाड्याला माणसं मारली ती ह्या तिसऱ्या पायरीच्याही पलीकडं, पालघरच्या पोरी पहिल्याच पायरीवर होत्या. पण २०२१ मध्ये कोर्टापुढं आलं की रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतायत, न्यायमूर्तीही चकित झाले.

तेव्हा तरुण मुलामुलींनो, तुमच्या पोस्टवरनं कुणी पोलीस स्टेशनवरनं फोन केला तर घाबरून आधी सगळं डिलीट करत सुटू नका. शांतपणे कलम विचारा, लेखी नोटीस मागा, गुन्हा नोंदवलाय की नुसती तक्रार आलीय ते विचारा, आणि एखाद्या वकिलाला बरोबर घेऊन जा. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बोलण्या-लिहिण्यावरच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवायच्या आधी डीवायएसपींची परवानगी घेऊन प्राथमिक चौकशी करणंच योग्य, आणि त्या चौकशीला चौदा दिवस असतात. हे चौदा दिवस तुमचे आहेत, ते मागून घ्या.