शिट्टी कुणाकडं आहे?

मंडळी, आमच्या सातारा भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण 'मेजर'च असतो, मग तो निवृत्त कुठल्याही हुद्द्यावरून झालेला असो. अशाच एका मेजरना आम्ही २६ जानेवारीच्या व्हॉलीबॉल सामन्यांना बोलावलं होतं. सुरुंगात त्यांचा डावा पाय गेलेला. फेटा, शाल, श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग झालं. खेळ सुरू झाला तसे ते माझ्या कानाशी आले, "मास्तर, शिट्टी कुणाकडं हाय? त्या पोराचा सर्व्हिसला रेषेवर पाय पडतोय, पंचाला दिसंना झालंय." शिट्टी दिली. दोन तास मैदानावर दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. नारळ मंचावरच राहिला.

जखमी सैनिक आणि खेळ ही सांगड मुळात इस्पितळात बसली. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा निकामी झालेला जवान थोड्या दिवसांचा सोबती धरला जाई. शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला नेत असे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून हे बदलायला घेतलं. रुग्णाची सतत कूस बदलायची, आणि जरा तरतरी आली की खेळायला काढायचं. आधी चाकाच्या खुर्च्यांत बसवून काठ्यांनी पोलो खेळवला. तो इतका धसमुसळा झाला की बंद करावा लागला! मग २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. त्यात दोन स्त्रियाही होत्या. आजचं पॅरालिंपिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिंपिक, त्यातूनच उभं राहिलं.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तुम्हाला ठाऊक आहेत. फौजेत बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं, आणि उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. पदकाला सदतीस सेकंद, दखलीला शेहेचाळीस वर्षं. असो.

होकाटो सेमा हे नागालँडचे जवान. २००२ मध्ये सुरुंगानं पाय नेला, बत्तिसाव्या वर्षी पुण्यात लष्कराच्या केंद्रात गोळाफेक शिकले आणि २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकहून कांस्य घेऊन आले. पण गावोगावच्या मेजरना पदक नको असतं, संध्याकाळी खेळायला चार गडी हवे असतात.

त्यासाठी बसून खेळायचा व्हॉलीबॉल आहे. मैदान दहा बाय सहा मीटर, पुरुषांची जाळी जेमतेम १.१५ मीटर. बॉल मारताना बूड जमिनीवरून उचललं की फाउल. आम्ही शाळेमागं माती चाळून, पाणी मारून मैदान केलं आणि गावातली धडधाकट पोरं बसवली. दहा मिनिटांत रडकुंडीला आली! हातानं सरकायचं की बॉल घ्यायचा, तेच कळेना. मेजर मात्र तळहातावर जोर देऊन असे सरकत होते, की समोरचा बॉलऐवजी त्यांच्याकडंच बघत राहिला.

यंदाही त्यांना निरोप धाडलाय. येतो म्हणाले, पण शिट्टी दुसऱ्याला द्या, आपल्याला जाळीजवळची जागा पाहिजे.